भारताच्या फुटबॉल संघात परदेशी जन्मलेले खेळाडू: आपली भूमिका काय असावी?

तापीकाठ (जळगाव)

मंडळी, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भारतीय फुटबॉलप्रेमींच्या वाट्याला दोन कडू पराभव आले. १४ ऑक्टोबरला मडगावला सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार आपल्यासाठी बंद झाले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने १-० अशी मात केली. बांगलादेशापुढे हार पत्करण्याची वेळ आपल्यावर २२ वर्षांनी आली. मडगावला सिंगापूरचे दोन्ही गोल करणारा सोंग उई-यंग जन्माने दक्षिण कोरियाचा आहे आणि बांगलादेशाच्या मधल्या फळीचा आधार असलेला हमझा चौधरी इंग्लंडमधील लफबरो येथे जन्मलेला, लेस्टर सिटी या इंग्लिश क्लबच्या तालमीत वाढलेला आहे. शेजारचे देश आपल्या माणसांना जगभरातून हाक मारत असताना आपण हात बांधून बसलो आहोत, असे मला मनापासून वाटते.

२०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी देश ठरलेल्या मोरोक्कोच्या २६ जणांपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मले होते. स्पेनविरुद्धच्या शूटआऊटमध्ये शेवटची पेनल्टी शांतपणे मधोमध टाकणारा अश्रफ हकिमी माद्रिदमध्ये जन्मलेला, आणि त्याच शूटआऊटमध्ये स्पेनला एकही गोल करू न देणारा गोलरक्षक यासिन बुनू माँट्रियलमध्ये जन्मलेला. भारतीय पारपत्र असलेल्यालाच राष्ट्रीय संघातून खेळता येईल, असा निर्णय आपल्या सरकारने २००८ साली घेतला. तो बदलून ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे ते कार्ड असलेल्या भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना, संधी द्यावी, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?

केळीबाग (रावेर)

तापीकाठ, आपली तळमळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. मोरोक्कोचे उदाहरण बहुतेक जण अर्धेच सांगतात. त्याच स्पर्धेत पोर्तुगालविरुद्ध उंच उडी घेऊन हेडरने विजयी गोल करणारा युसेफ एन-नेसिरी फेझ शहरात जन्मला आणि राबातजवळच्या मोहम्मद सहावे अकादमीत घडला. मधल्या फळीतला अझेदिन उनाही आणि बचावातला नायेफ अगेर्द हेही त्याच अकादमीचे. म्हणजे त्या देशाने बाहेरच्या पोरांना बोलावण्याआधी आणि बोलावत असताना घरातही पैसा आणि वर्षे ओतली. आपण घरात काहीच पेरले नाही आणि आता बाहेरून पीक आणू म्हणतो.

इंडोनेशियाचेही बघा. नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या इंडोनेशियन वंशाच्या खेळाडूंची जवळजवळ पूर्ण फळी त्यांनी उभी केली आणि प्रशिक्षक म्हणून पॅट्रिक क्लायव्हर्टला आणले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाने त्यांना ३-२ आणि इराकने १-० असे हरवले, विश्वचषकाची आशा संपली आणि क्लायव्हर्टलाही जावे लागले. एवढ्या उठाठेवीत जाकार्ताच्या गल्लीतल्या पोराला काय मिळाले?

रात्रपाळी (भुसावळ)

केळीबाग दादा, इंडोनेशियाचा तो विश्वचषक पात्रतेच्या चौथ्या फेरीतला पराभव होता, हे विसरू नका. १९३८ मध्ये डच ईस्ट इंडीज या नावाने खेळल्यानंतर विश्वचषकाच्या इतक्या जवळ तो देश कधी पोहोचलाच नव्हता. आणि क्युरासाओचे काय म्हणाल? दीड लाखाच्या आसपास लोकवस्तीचे ते बेट. त्याचे बहुतेक सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले आहेत आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. इतक्या लहान लोकसंख्येच्या देशाने यापूर्वी कधीही ही मजल मारली नव्हती. आपल्या जळगाव शहराची वस्तीसुद्धा त्याहून कितीतरी मोठी आहे.

केळीबाग (रावेर)

रात्रपाळी, दीड लाखांच्या बेटाने बाहेर पाहिले तर मी समजू शकतो. १४० कोटींच्या देशाला अकरा जण सापडत नाहीत, हे मला समजत नाही.

वकील, धुळे

चर्चा पुढे जाण्याआधी कायद्याची बाजू स्पष्ट झालेली बरी, कारण मूळ धाग्यात सुचवलेला उपाय फुटबॉलला लागूच पडणार नाही.

ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. परदेशी नागरिकाला भारतात आजीवन येण्या-जाण्याची आणि राहण्याची दिलेली ती सवलत आहे. मतदानाचा हक्क त्यात येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ नुसार आणि नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणारा भारतीय नागरिक राहत नाही. आता दुसरे टोक पाहा: फिफाच्या नियमांनुसार एखाद्या देशाकडून खेळायचे असेल तर त्या देशाचे कायमस्वरूपी नागरिकत्व, तेही केवळ वास्तव्यावर अवलंबून नसलेले, हातात असावे लागते. त्यामुळे २००८ चा निर्णय उद्या सरकारने मागे घेतला, तरी केवळ ओसीआय कार्डावर कोणताही फुटबॉलपटू भारताकडून मैदानात उतरू शकणार नाही.

बांगलादेशाशी तुलना करताना हाच फरक लक्षात घ्यावा. बांगलादेश ब्रिटनसारख्या देशांतील आपल्या वंशाच्या लोकांना दुहेरी नागरिकत्व ठेवू देतो, त्यामुळे हमझा चौधरीला ब्रिटिश पारपत्र सोडावे लागले नाही. याउलट इंडोनेशिया प्रौढांना दुहेरी नागरिकत्व देत नाही. तेव्हा मागणी करायची असेल तर ती नागरिकत्व देण्याच्या प्रक्रियेविषयी करावी.

तापीकाठ (जळगाव)

वकीलसाहेब, हा खुलासा फार मोलाचा आहे. मग मी माझी मागणी अशी मांडतो: जो भारतीय वंशाचा खेळाडू परदेशी पारपत्र सोडायला तयार आहे, त्याच्या अर्जाचा निकाल महिनोन्महिने रखडू नये आणि भारतीय फुटबॉल महासंघाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. इझुमी अराताचे उदाहरण आपल्यासमोर आहे. जपानमध्ये जन्मलेला, वडील गुजराती, आई जपानी. तो २००६ मध्ये भारतात खेळायला आला, २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि २०१३ मध्ये तिशी ओलांडल्यावर भारताकडून पहिला सामना खेळला. फुटबॉलपटूची उमेदीची वर्षे कागदांत गेली, याचे मला वाईट वाटते. न्यूकॅसलमध्ये जन्मलेल्या मायकेल चोप्रालाही भारताकडून खेळायचे होते, पण ब्रिटिश पारपत्र सोडण्याच्या अटीपाशी सगळे थांबले.

जंक्शन (भुसावळ, सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी)

या विषयावर मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण रायन विल्यम्सचे नाव अजून कुणी घेतलेले नाही.

विल्यम्स १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थला जन्मला, इंग्लंडमधल्या फुलहॅम आणि पोर्ट्समथ या क्लबांकडून खेळला, २०१९ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध एक मैत्रीपूर्ण सामना ऑस्ट्रेलियाकडूनही खेळला, आणि बेंगळुरू एफसीकडून खेळत असताना २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पारपत्र सोडून भारताचा नागरिक झाला. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आणि आजोबा १९५० च्या दशकात मुंबईकडून संतोष करंडक या आंतरराज्य स्पर्धेत खेळलेले. ढाक्याच्या सामन्यापर्यंत त्याच्या कागदपत्रांची पूर्तता झाली नाही, म्हणून तो संघासोबत जाऊनही खेळू शकला नाही.

भुसावळच्या जुन्या लोकांना अँग्लो-इंडियन कुटुंबे म्हणजे काय, हे सांगावे लागणार नाही. ड्रायव्हर, गार्ड, लोको फोरमन यांच्या त्या घरांतून संध्याकाळी पोरे थेट रेल्वेच्या मैदानावर यायची. कडक चामड्याचा, दोरीने तोंड शिवलेला चेंडू असायचा. पावसात भिजला की तो इतका जड होई की डोक्याने मारणाऱ्याच्या कपाळावर शिवणीचा वळ उठायचा. माझे वडील सांगायचे की भुसावळात बूट घालून फुटबॉल कसा खेळायचा, हे आम्ही त्या लोकांकडून शिकलो. स्वातंत्र्यानंतर एकेक घर रिकामे होत गेले; कुणी इंग्लंडला गेले, पुष्कळ जण ऑस्ट्रेलियाला, त्यातही पर्थ आणि मेलबर्नला. तिथे जन्मलेली त्यांची नातवंडे आज कुणाची? विल्यम्ससारखा एखादा जण आपले पारपत्र सोडून परत येतो, तेव्हा त्याला परदेशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक गोष्ट. भारताचे सध्याचे प्रशिक्षक खालिद जमील, जे स्वतः भारताकडून खेळले आणि ज्यांनी २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या लहान संघाला आय-लीग ही देशातली तेव्हाची अव्वल साखळी स्पर्धा जिंकून दिली, त्यांचा जन्म कुवेतचा आहे. त्यांच्या भारतीयत्वाविषयी आजवर कुणी शंका घेतली का? जन्मस्थळ हा निकष मानायचा झाला तर तो सर्वांना सारखाच लावावा लागेल.

गिरणाकाठची (मूळ चाळीसगाव, सध्या पर्थ)

जंक्शन काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भुसावळहून आलेल्या एका आजींना मी इथे ओळखते. त्या अजूनही उन्हाळ्याची तुलना भुसावळच्या मे महिन्याशीच करतात.

माझा प्रश्न थोडा घरगुती आहे, पण विषयाला धरून आहे. माझा मुलगा इथेच जन्मला, १६ वर्षांचा आहे, क्लबच्या वयोगट संघात बचावपटू म्हणून खेळतो. त्याच्याकडे ऑस्ट्रेलियाचे पारपत्र आणि ओसीआय कार्ड आहे. विल्यम्सची बातमी वाचल्यापासून तो विचारतो आहे की मला भारताकडून खेळता येईल का. आजीशी तो अहिराणीत बोलतो, गावी आला की महिनाभर रमतो, पण भारतात राहिलेला नाही. त्याला मी काय सांगावे? आणि दुसरा प्रश्न मनातला आहे: तो उद्या आलाच, तर त्याची जागा तिथल्या एखाद्या मुलाने गमावलेली असेल का?

रात्रपाळी (भुसावळ)

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फुटबॉलच्या इतिहासात शोधता येते, म्हणून थोडे मागे जातो.

एका देशात जन्मून दुसऱ्या देशाकडून खेळणे ही आजची टूम नाही. लुईस मोंटी १९३० ची विश्वचषकाची अंतिम लढत अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ ची इटलीकडून. तेव्हा नियम ढिले होते. आज असे होऊ शकत नाही. १९६६ मध्ये ९ गोल करून पोर्तुगालला तिसऱ्या स्थानावर नेणारा युसेबियो मोझांबिकचा, जो तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता. २००६ मध्ये विश्वविजेत्या इटलीचा कामोरानेसी अर्जेंटिनात जन्मलेला. विश्वचषकात सर्वाधिक १६ गोल करण्याचा विक्रम रचणारा जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोज पोलंडमध्ये जन्मलेला. यांच्यापैकी कुणाच्याही येण्याने त्या देशातला खेळ आटला नाही, कारण तिथे खालची फळी भक्कम होती.

मनाची ओढ कुठे असते, हे मात्र बाहेरून ठरवता येत नाही. २४ नोव्हेंबर २०२२ चा स्वित्झर्लंड विरुद्ध कॅमेरून हा सामना मी पाहिला आहे. कॅमेरूनमधल्या याउंदे शहरात जन्मलेल्या ब्रील एम्बोलोने स्वित्झर्लंडसाठी सामन्यातला एकमेव गोल केला. चेंडू जाळ्यात गेल्यावर तो जागच्या जागी थांबला, दोन्ही हात वर केले, तोंडावर हात घेतला आणि सहकारी येऊन बिलगले तरी त्याने आनंद साजरा केला नाही. दोन देशांविषयीचा आदर एकाच माणसात असू शकतो, हे मला त्या दिवशी पटले.

केळीबाग (रावेर)

रात्रपाळींनी शेवटी माझाच मुद्दा सांगितला: खालची फळी भक्कम असेल तर बाहेरून आलेल्याने नुकसान होत नाही. आपल्याकडे ती आहे का? आणि केवळ निकालाच्या हव्यासाने हा मार्ग धरला की काय घडते, ते मलेशियाने दाखवले आहे. जून २०२५ मध्ये त्यांनी व्हिएतनामला ४-० असे हरवले. सप्टेंबरात फिफाने जाहीर केले की परदेशी जन्मलेल्या सात खेळाडूंच्या आजी-आजोबांचे जन्म मलेशियात झाल्याचे दाखवणारी कागदपत्रे बनावट होती. खरे जन्म अर्जेंटिना, ब्राझील, नेदरलँड्स आणि स्पेन इथले निघाले. त्यांच्या संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड झाला आणि सातही खेळाडूंवर १२ महिन्यांची बंदी आली. आजोबांचे गाव विकत घेण्यापर्यंत गोष्ट गेली, हे मला अतिशय लाजिरवाणे वाटते.

जंक्शन (भुसावळ, सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी)

केळीबाग, मलेशियात बनावट कागद होते. विल्यम्सच्या आजोबांचा खेळ मुंबईच्या मैदानांवर लोकांनी पाहिलेला आहे. दोहोंना एकाच तराजूत घालू नये, एवढी विनंती.

शिक्षिका (धडगाव परिसर, नंदुरबार)

मी आश्रमशाळेत शिकवते आणि मुलींना फुटबॉलही शिकवते. आपल्या चर्चेत जन्मस्थळ आणि कागद हे दोन विषय वारंवार आले, म्हणून आमच्याकडची एक गोष्ट सांगते.

सातपुड्यातली अनेक भिल्ल आणि पावरा कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. माझ्या संघातली एक मुलगी अशाच पडावावर, उसाच्या फडाशेजारच्या झोपडीत जन्मली. तिच्या जन्माची नोंद तिथेही झाली नाही आणि इथेही झाली नाही. ती डाव्या बगलेवर खेळते. चेंडू घेऊन धावताना मान वर ठेवते आणि पास द्यायच्या आधी एकदाच डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहते, हे मी तिला शिकवलेले नाही. आमचे मैदान उताराचे आणि मुरमाड आहे, त्यामुळे उतरत्या बाजूला गेलेला चेंडू अडवण्याची तिला आपोआपच सवय झाली आहे. एका निवड चाचणीत तिचा खेळ सर्वांना आवडला, पण वयाच्या पडताळणीसाठी जन्मदाखला मागितला गेला आणि तो नसल्यामुळे तिला परत पाठवले. शाळेच्या रजिस्टरातली तारीख त्यांनी ग्राह्य धरली नाही. नियम वय लपवणाऱ्यांना रोखण्यासाठी आहे, हे मला मान्य आहे. पण त्यात अडकली ती काहीही न लपवणारी मुलगी.

गिरणाकाठची ताई, तुमच्या मुलाने अवश्य यावे. त्याच्यामुळे माझ्या मुलींची किंवा मुलांची जागा जाणार नाही, कारण आज ती जागा त्यांना मिळतच नाही. पर्थच्या मुलाला पारपत्र मिळवून देण्यासाठी जितकी धडपड व्हावी असे इथे लिहिले गेले, तितकीच धडपड पडावावर जन्मलेल्या मुलीच्या दाखल्यासाठी व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

केळीबाग (रावेर)

ताई, मला जे म्हणायचे होते ते माझ्यापेक्षा तुम्ही नेमके म्हटले. माझा विरोध बाहेरच्या मुलांना नाही. महासंघाचे लक्ष आणि पैसा मर्यादित असतो, आणि तो परदेशातल्या मोजक्या नावांमागे लागला तर धडगावकडे कुणी फिरकणार नाही, ही माझी भीती आहे आणि ती अजूनही कायम आहे.

तापीकाठ (जळगाव)

ही भीती रास्त आहे, पण या दोन कामांत आडवे येण्यासारखे काही नाही, असे मला अजूनही वाटते. एक काम गृह मंत्रालयाच्या कागदांचे, दुसरे मैदानांचे आणि प्रशिक्षकांचे. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले, तेव्हा आपल्याला बाहेरून कुणाला आणण्याची गरज नव्हती, हे खरे. १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णही आपलेच होते. त्यानंतर आशियातले इतर देश पुढे सरकत गेले आणि आपण मागे पडलो. एक विल्यम्स ती साठ वर्षे भरून काढणार नाही. पण सिंगापूरविरुद्ध एका गोलाने स्पर्धा हुकते, तेव्हा एक चांगला आघाडीपटूसुद्धा पुष्कळ असतो. सध्याच्या संघातल्या खेळाडूंनाही त्यांच्या उमेदीच्या वर्षांत आशियाई चषक खेळण्याचा हक्क आहे. वीस वर्षांनी तयार होणाऱ्या फळीची वाट त्यांनी का पाहावी?

वकील, धुळे

दोन्ही ताईंना उत्तरे देतो.

गिरणाकाठची ताई, तुमच्या मुलासाठी नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ५ मधली वाट उपयोगी आहे. ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंदणी झालेली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य केलेली सज्ञान व्यक्ती नोंदणीद्वारे नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षानंतर त्याने इथल्या एखाद्या क्लबकडून एक वर्ष खेळावे, हा व्यवहार्य मार्ग आहे. आई-वडिलांचा जन्म भारतातला असल्याने फिफाची वंशाविषयीची अट पूर्ण होते. मैत्रीपूर्ण सामन्यांमुळे देश बदलण्याचा मार्ग बंद होत नाही, हे विल्यम्सच्या उदाहरणावरून दिसलेच. ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धेत उतरण्यापूर्वी मात्र पूर्ण विचार करावा. आणि ऑस्ट्रेलियाचे पारपत्र सोडावे लागेल, हे त्याला आजच स्पष्ट सांगा. त्या निर्णयाचा भार त्याने स्वतः समजून घ्यायला हवा.

शिक्षिका ताई, एक वर्षापेक्षा अधिक काळ राहून गेलेली जन्मनोंद आजही करता येते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात २०२३ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून त्यासाठी जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. अडचण एवढीच, की नोंद जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे होते, म्हणजे अर्ज गुजरातेत करावा लागेल. पडाव कोणत्या गावाच्या हद्दीत होता आणि त्या वर्षी मुकादम कोण होते, हे तिच्या आई-वडिलांना विचारून ठेवा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, आई-वडिलांचे प्रतिज्ञापत्र आणि जन्माच्या वेळी हजर असलेल्या बाईंचा जबाब एवढे जमवले, तर अर्जाचा मसुदा मी विनामूल्य तयार करून देईन. कुटुंब होळीसाठी गावी येईल तेव्हा सह्या घेता येतील. तोवर बाकीची कागदपत्रे मला व्यक्तिगत संदेशातून पाठवा.